मेणवलीहून चार वाटा : कृष्णेच्या खोऱ्यातील सायकलचे पाच दिवस

वाईच्या पश्चिमेला सुमारे तीन किलोमीटरांवर, कृष्णेच्या काठी मेणवली हे छोटे गाव आहे. नाना फडणवीसांच्या वाड्यासाठी आणि त्याच्या पाठीमागच्या घाटासाठी ते सर्वांना माहीत आहे. रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या माणसाला मात्र या गावाचे महत्त्व वेगळ्या कारणाने पटते. उत्तरेला मांढरदेवाची डोंगररांग, दक्षिणेला पाचगणीचे पठार, पश्चिमेला धोम धरणाचे पाणी व त्यामागे महाबळेश्वरचे कडे, आणि पूर्वेला सुरूरकडे उतरत जाणारे उसाचे सपाट रान, अशा चारही बाजूंना चार स्वभावांचे रस्ते येथून फुटतात. रोज नव्या गावी मुक्काम हलवण्याऐवजी एकाच घरी राहावे आणि रोज एका दिशेला जाऊन संध्याकाळी परत यावे, असा बेत मी कितीतरी दिवस मनात धरून होतो. या डिसेंबरात माझ्या एकोणीस वर्षांच्या भाच्याला बरोबर घेऊन तो पार पाडला.

सोमवार ते शुक्रवार हे दिवस मुद्दाम निवडले, कारण शनिवार-रविवारी पसरणी घाटात मोटारींची जी रांग लागते तिच्यात चढावर सायकल चालवणे त्रासाचे असते आणि धोक्याचेही. दोन्ही सायकली रस्त्यावरच्या, २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरच्या होत्या. पुढच्या लहान चकतीला ३४ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला ३२ दात असल्यामुळे लांब चढणीला पुरेसा हलका गिअर हाताशी होता. भाच्याने यापूर्वी पुण्याच्या आसपास पुष्कळ सायकल चालवली होती, पण सलग दहा-बारा किलोमीटरांचा घाट त्याने अद्याप पाहिला नव्हता.

दिवस पहिला : मेणवली ते धोम

दुपारी गावात पोहोचलो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काका-काकूंचे घर वाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. सायकली गाडीवरून उतरवून चाके बसवली, ब्रेक तपासले, टायरमध्ये हवा भरली आणि ऊन कलण्याची वाट पाहत घाटावर जाऊन बसलो. चंद्रकोरीसारखा वळलेला हा दगडी घाट नदीच्या वळणाला इतका नेमका बसला आहे की, काठाने स्वतःच पायऱ्यांचे रूप घेतले असावे असे वाटते. काठावर मेणेश्वराचे मंदिर आहे आणि जवळच एका लहानशा देवळीत ती प्रसिद्ध पंचधातूची घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत पोहोचल्या, त्यांपैकी ही एक. तिच्या अंगावर मेरीची उठावातील आकृती आहे. भाच्याने तिच्या काठावरून बोट फिरवले. काठ थंड होता, आणि लोकांचे हात लागून लागून एका बाजूला गुळगुळीत झाला होता. वसईच्या खाडीकाठची घंटा कृष्णाकाठी आली आणि जिथे आली तिथली होऊन राहिली, हे तिच्याजवळ उभे राहिल्याशिवाय नीटसे ध्यानात येत नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना मेणवली दप्तर ठाऊक असते. उत्तर पेशवाईतील राजकारणाचे हजारो कागद याच वाड्यात सांभाळले गेले होते.

चार वाजता धोमला निघालो. अंतर थोडे आणि चढही नावापुरताच, त्यामुळे पाय मोकळे करण्यासाठी हा रस्ता उत्तम. दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद. हळदीची पाने डिसेंबरात पिवळी पडू लागतात आणि उन्हात त्यांना ओलसर मातीचा व पानांचा मिळून एक उग्र गंध येतो. धोमच्या देवळात कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप उभारलेला आहे. कुंड भरलेले असेल तेव्हा नंदीला पाठीवर घेऊन कासव पोहत असल्याचा भास होतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी बेताचे होते, पण कारागिराची कल्पना तेवढ्यानेही उमगली. गावाच्या वरच्या अंगाला धरणाची भिंत दिसते. साडेतेरा टीएमसी क्षमतेचा हा जलाशय वाई आणि खालच्या तालुक्यांच्या शेतीचा आधार आहे. भिंतीच्या दिशेने बोट करून मी भाच्याला म्हटले, “परवा आपण या पाण्याच्या पलीकडच्या टोकापर्यंत जाऊ.” त्याने पाण्याकडे पाहिले आणि विचारले, “आणि उद्या?” उत्तरेला पांडवगडाच्या मागे सूर्याची शेवटची तिरीप ज्या धारेवर होती, ती मी त्याला दाखवली.

दिवस दुसरा : मांढरदेव

सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा नदीवर धुके होते आणि बोटे ब्रेकवर आखडत होती. वाईतून उत्तरेला वळून बोपर्डी ओलांडली की घाटाची चाहूल लागते. भाचा सुरुवातीलाच उभा राहून पॅडल मारू लागला. पहिल्या दोन वळणांत तो माझ्यापुढे दीडशे-दोनशे मीटर गेला आणि चौथ्या वळणावर एका दगडाला टेकून धापा टाकत उभा असलेला सापडला. सपाट रस्त्यावरचा जोम घाटात पहिल्याच किलोमीटरला सरतो. चढाला एक साधी कसोटी आहे: शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच जोर लावावा. वाक्य मध्येच तुटू लागले की गिअर हलका करावा आणि पाय मात्र त्याच लयीत फिरत ठेवावेत. त्यानंतर आम्ही शेजारी शेजारी, बसून आणि बोलत चढलो. आतल्या बाजूचे वळण फार उभे असते, म्हणून समोरून वाहन येत नसल्याची खात्री करून वळण जरा बाहेरून घ्यायचे, हेही त्याला तिथेच सांगितले.

डाव्या हाताला पांडवगड बराच वेळ सोबत करतो. सुरुवातीला तो डोक्यावर असतो, मग खांद्याशी येतो आणि शेवटी खालून वर पाहण्याऐवजी आपण त्याच्या कातळाकडे समोरासमोर पाहू लागतो. किती चढलो हे मोजायला याहून चांगले साधन मला ठाऊक नाही. या बाजूला झाडी विरळ आहे, गवत वाळून सोनेरी झालेले असते आणि बेसॉल्टचे काळे थर एकावर एक रचल्यासारखे उघडे दिसतात. घाट लागल्यापासून माथ्यापर्यंत आम्हाला पावणेदोन तास लागले.

मांढरदेवचे काळूबाईचे देऊळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे. पौष पौर्णिमेच्या यात्रेला येथे लाखो लोक येतात. २५ जानेवारी २००५ रोजी याच यात्रेच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. आम्ही पोहोचलो त्या सकाळी देवळाच्या वाटेवर मोजकीच माणसे होती, दुकानदार नारळ आणि खण मांडत होते. त्या अरुंद, उताराच्या वाटेवर चालताना इतक्या गर्दीला इथे पाऊल मागे घ्यायलाही जागा उरली नसेल, हे पायांनाच कळत होते. सायकली हातात धरून आम्ही ते अंतर चालत गेलो.

देवदर्शन झाल्यावर बहुतेक जण आल्या वाटेने परततात. मला मात्र भाच्याला दुसरी बाजू दाखवायची होती, म्हणून भोरच्या दिशेने तीन किलोमीटर उतरलो. रस्ता धारेवरून पलीकडे झुकताच देखावा संपूर्ण बदलतो. खाली नीरेचे खोरे, त्यात भोरकडची गावे, समोर रोहिड्याचा डोंगर, आणि पश्चिमेला याच रांगेवर पुढे केंजळगड व रायरेश्वर. ज्या धारेवर आम्ही उभे होतो तिच्या दक्षिण उतारावर पडलेले पावसाचे पाणी वाईजवळ कृष्णेला मिळते. उत्तर उतारावरचे नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते आणि भीमा थेट रायचूरजवळ जाऊन कृष्णेत मिसळते. म्हणजे दोन पावलांच्या अंतरावर पडलेले दोन थेंब शेकडो किलोमीटरांचा फेरा घालून पुन्हा एकाच नदीत भेटू शकतात. भूगोलाच्या पुस्तकात ‘जलविभाजक’ हा शब्द मी शाळेतच वाचला होता. परंतु एका बाजूने पावणेदोन तास चढून आणि दुसऱ्या बाजूला पाय न मारता सायकल धावू लागल्यावर त्या शब्दाचा अर्थ अंगात भिनतो. तीन किलोमीटर परत चढताना भाचा काही बोलला नाही. माथ्यावर येऊन मात्र त्याने बाटलीतले थोडे पाणी रस्त्याच्या मधोमध ओतले आणि ते कुठल्या बाजूला जाते ते वाकून पाहत राहिला.

उतरताना दोन्ही ब्रेक आलटून पालटून वापरले. दिवसभरात सुमारे पन्नास किलोमीटर झाले.

रात्री जेवायला ज्वारीची भाकरी, घेवड्याची उसळ आणि कांदा होता. काकूंनी आमचा दिवस मन लावून ऐकून घेतला आणि मग विचारले, “दिसभर सायकल हाणायची, रातच्याला पुन्हा हितंच यायचं, मग गेलासा कुठं म्हनायचं?” प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून मीही मनापासून उत्तर दिले की, पलीकडचे पाणी कुठे जाते ते बघायला गेलो होतो. काका हसले नाहीत. त्यांचे आजोळ भोरकडचे निघाले आणि लहानपणी ही धार ते पायी ओलांडत असत. पुढचा तासभर त्या पायवाटांच्या गोष्टीत गेला.

दिवस तिसरा : जोरचे खोरे

आजचा रस्ता जलाशयाच्या कडेकडेने नांदगणे, बलकवडी असा वर सरकत जोरपर्यंत जातो. नकाशावर तो सोपा दिसतो, कारण मोठा घाट कुठेच नाही. प्रत्यक्षात धरणाच्या पाण्यात उतरणारी प्रत्येक डोंगरसोंड चढायची आणि पलीकडच्या ओढ्यात उतरायचे, असे अनेकदा करावे लागते. दोन मिनिटांचा चढ, एक मिनिटाचा उतार, पुन्हा चढ. लय लागतच नाही. घाटापेक्षा या रस्त्याने मला नेहमीच अधिक थकवले आहे, आणि तरीही चारही दिशांत हाच मला सर्वांत प्रिय आहे.

त्याचे कारण पाणी. डिसेंबरात जलाशय पुष्कळ भरलेला असतो, सकाळी वारा नसतो, आणि कमळगडाचा सपाट माथा पाण्यात उलटा उतरलेला दिसतो. कृष्णा आणि वाळकी या दोन खोऱ्यांच्या मध्ये हा गड उभा आहे. त्याच्या माथ्यावर लाल गेरूच्या मातीत खोल खोदलेली कावेची विहीर आहे. ती पाहायची तर दिवस राखून ठेवावा लागतो, सायकलच्या बुटांनी ते काम होत नाही.

नांदगण्याच्या अलीकडे भाच्याचे मागचे चाक बसले. टायरमधून बाभळीचा काटा आरपार गेला होता. अशा वेळी ट्यूब बदलून दहा मिनिटांत निघता येते, म्हणून मी पिशवीतून नवी ट्यूब काढली. पुण्यातील एका दुकानातून आठवड्यापूर्वीच घेतलेली ती ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलेली निघाली. ती घरीच हवा भरून पाहायला हवी होती. आता जुन्या ट्यूबलाच ठिगळ लावणे भाग होते आणि काट्याचे भोक इतके बारीक की कानाला लावूनही सापडेना. मग आम्ही दोघे उतरून पाण्याच्या काठाशी गेलो. काठावर चिखलाला भेगा पडून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. भाच्याने ट्यूबमध्ये हवा भरून ती वीत वीत करून पाण्याखाली धरली. बराच वेळ काही नाही. मग एका जागी मोहरीएवढा बुडबुडा आला, सुटला, त्याच्यामागे दुसरा आला, आणि त्याने अंगठा तिथे घट्ट दाबून धरला. ट्यूब अंगातल्या सदऱ्याने कोरडी केली, काचकागदाने घासली, सोल्यूशनचा पातळ थर लावून तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबलो आणि मग ठिगळ दाबून बसवले. या थांबण्यातच सगळे काम असते. घाई करून ओल्या सोल्यूशनवर लावलेले ठिगळ पुढच्या उतारावर सुटते. टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचे टोक शोधून काढले, कारण ते आत राहिले असते तर दोन किलोमीटरांत पुन्हा तीच वेळ आली असती. तासभर गेला, पण सायकल स्वतःच्या हाताने उभी केल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

बलकवडीच्या धरणानंतर खोरे अरुंद होत जाते. मांढरदेवच्या उघड्या, गवताळ उतारांनंतर येथील गर्द झाडी पाहून भाचा चकित झाला. कारण पावसाचे आहे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरांवरच्या वाईला त्याच्या पावपटही पडत नाही. पश्चिमेकडे प्रत्येक किलोमीटरला हा फरक डोळ्यांदेखत वाढत जातो: बाभूळ मागे पडते, आंबा-जांभूळ दिसू लागतात, उसाऐवजी भाताची खाचरे येतात, घरांची छपरे अधिक उतरती होतात. इतका पाऊस जिथे पडतो तिथे डोंगरही ढासळतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत वाई तालुक्याच्या या पश्चिम भागात दरडी कोसळल्या, शेते वाहून गेली, रस्ते तुटले. काही ठिकाणी डांबराचा रंग बदललेला दिसतो, तिथून पुढे नवा भराव आहे. अशा जागी चाकाखाली बारीक खडी असते, म्हणून उतारावर वेग आवरलेला बरा.

जोरजवळ रस्ता संपल्यासारखा होतो आणि समोर महाबळेश्वरच्या कड्यांची भिंत उभी राहते. कृष्णा येथे धरणातली नदी नसून एक खळाळता ओढा आहे. गोटे स्वच्छ दिसतात, पाणी घोट्याएवढे आणि इतके गार की पाय फार वेळ ठेववत नाहीत. एका घराच्या पडवीत चहा मिळाला. चहा देणाऱ्या आजींनी आम्ही सायकलीवर वाईहून आल्याचे ऐकून आधी सायकलींकडे, मग आमच्या पायांकडे पाहिले आणि न विचारता दोन भाकऱ्या व लसणाची चटणी पुढे ठेवली. पैसे घेण्याचा आग्रह त्यांनी फक्त चहापुरता मानला.

परतताना वारा समोरून होता. अंधार पडता पडता मेणवलीला पोहोचलो.

दिवस चौथा : पाचगणी, महाबळेश्वर, केळघर, मेढा

सर्वांत मोठा दिवस, शंभर किलोमीटरांच्या वरचा, म्हणून पहाटे साडेपाचला दिवे लावून निघालो. वाईत कृष्णेच्या पुलावर उजाडत होते. ढोल्या गणपतीच्या देवळाच्या मागच्या भिंतीची गोष्ट मी भाच्याला इथेच सांगितली. ही भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, पुराचे पाणी तिच्यावर येऊन दुभंगावे आणि देवळाला धक्का न देता दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून. पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी अठराव्या शतकात बांधलेले हे देऊळ कित्येक पुरांतून उभे राहिले आहे. वाई म्हटले की घाट आणि देवळे आठवतात, तसाच मराठी विश्वकोशही आठवतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी त्याचे काम याच गावातून चालवले.

पूल ओलांडला की पसरणी लागते. शाहीर साबळे यांचा जन्म १९२३ साली याच गावी झाला. गावाच्या पुढे घाट सुरू होतो. वाई साधारण सातशे वीस मीटरांवर आणि पाचगणी तेराशेच्या आसपास, म्हणजे अकरा-बारा किलोमीटरांत पावणेसहाशे मीटरांची चढण. सरासरी पाच टक्क्यांच्या जवळ राहते आणि कुठेही अंगावर येत नाही. सायकलवर पहिला घाट कुठला चढावा असे कोणी विचारले तर मी पसरणीच सांगेन, मात्र आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि सूर्य वर येण्याआधी. भाच्याने आज एकदाही उभे राहून जोर लावला नाही. घाटाच्या मध्यावर मागे वळून पाहिले तर वाई, नदी, मेणवलीची झाडी आणि त्यापलीकडे मांढरदेवची धार एका नजरेत आली. परवा आम्ही त्या धारेवरून या बाजूला पाहत होतो. सव्वा तासाने दांडेघरच्या नाक्यावर पोहोचलो तेव्हा त्याला आश्चर्य वाटले की घाट इतक्यात संपला.

पाचगणी हे १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज अधिकाऱ्याने वसवलेले गाव. रस्त्याकडेचे सिल्व्हर ओकचे उंच वृक्ष ही त्याच काळाची आठवण. टेबललँडचे पठार जांभ्या दगडाच्या कठीण थरामुळे तसे सपाट राहिले आहे. खालचा खडक झिजला आणि वरची टोपी टिकली. पाचगणी ते महाबळेश्वर हा वीसेक किलोमीटरांचा रस्ता चढ-उताराचा, रहदारीचा, दोन्ही कडांना स्ट्रॉबेरीच्या शेतांचा आणि विक्रीच्या टपऱ्यांचा आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाणारे भिलार याच रस्त्यापासून जवळ आहे, पण तिथे गेलो असतो तर पुस्तके हातात घेतल्यावर पुढचा प्रवास राहून गेला असता. एका टपरीवर अर्धा किलो स्ट्रॉबेरी घेऊन उभ्यानेच संपवली आणि निघालो.

महाबळेश्वरच्या अलीकडे एक फाटा केट्स पॉइंटकडे जातो. शहरात शिरण्यापेक्षा मला तिथे जायचे होते. कठड्याशी उभे राहून खाली पाहिले आणि भाचा क्षणभर गप्प झाला. खाली बलकवडीचे पाणी होते, पुढे धोमचे, मध्ये कमळगडाचा माथा, आणि पाण्याच्या कडेने, प्रत्येक डोंगरसोंडेला वळसा घालत, उन्हात चमकणारी एक बारीक रेघ. तो आमचा कालचा रस्ता होता. ज्या सोंडांनी आम्हाला दिवसभर दमवले त्या वरून हाताच्या बोटांसारख्या दिसत होत्या. त्याने बोटाने मोजत मोजत पंक्चर झाले ती जागा शोधली. ती त्याला सापडली की नाही हे मला ठाऊक नाही, पण त्याची खात्री पटली होती. “मामा, काल आपण इतके खाली होतो?” एवढेच तो म्हणाला.

कृष्णेचा उगम मानली जाणारी जागा येथून जवळच, क्षेत्र महाबळेश्वरी आहे. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी गोमुखातून पडते अशी श्रद्धा आहे. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरांवर. सावित्री तो जवळचा समुद्र गाठते. कृष्णा मात्र त्याच्याकडे पाठ करून सुमारे चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. आज कृष्णेचे खोरे सोडून आम्हाला वेण्णेच्या खोऱ्यात उतरायचे होते.

वेण्णा तलावावरची गर्दी टाळून, महाबळेश्वरात वरण-भात खाऊन मेढ्याचा रस्ता धरला. केळघरचा घाट उतरताना झाडी इतकी दाट आहे की भर दुपारी रस्त्यावर सावल्यांचे पट्टे पडतात आणि त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत खड्डा ऐन वेळी दिसतो. म्हणून गॉगल काढून टाकला आणि वेग तीसच्या आत ठेवला. भाच्याच्या सायकलीला जुन्या पद्धतीचे, रिमवर दाबणारे ब्रेक आहेत. घाटाच्या मध्यावर थांबून रिमला बोट लावले तर चटका बसला. रिम फार तापली तर आतली ट्यूब फुटू शकते, म्हणून दहा मिनिटे थांबलो. सायकलींचा आवाज बंद झाल्यावर दरीतून वेण्णेचे पाणी ऐकू आले. एक शेकरू फांदीवरून फांदीवर गेले. त्याचे लांबलचक शेपूट हिरव्या पानांवर तांबूस रेघ ओढावी तसे दिसले. हे आपले राज्यप्राणी, आणि भाचा ते पहिल्यांदाच पाहत होता.

मेढा हे जावळी तालुक्याचे ठिकाण. येथून वेण्णा कण्हेरच्या धरणात जाते आणि पुढे साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेत मिसळते. मेढ्याहून कुडाळकडे जाताना मध्ये एक डोंगरसोंड ओलांडावी लागते. उंचीने ती मोठी नाही, पण सत्तर किलोमीटरांनंतर आणि दुपारच्या उन्हात तिने आमची पुरती परीक्षा घेतली. भाच्याच्या पोटरीत गोळा आला. सायकलवरून उतरवून त्याला रस्त्याकडेला बसवले, मीठ-साखरेचे पाणी दिले, पाय ताणून धरला. “मामा, मी चालत येतो,” तो म्हणाला. मग दोघेही अर्धा किलोमीटर सायकली ढकलत चाललो. माथ्यावर पोहोचलो तेव्हा समोर कुडाळीचे खोरे पसरले होते, आजचे तिसरे.

कुडाळ, पाचवड आणि तेथून वाई हे शेवटचे अंतर अंधारात झाले. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होता आणि उसाने भरलेल्या बैलगाड्या एकामागून एक चालल्या होत्या. दोन-तीनच गाड्यांना मागे लाल कापड किंवा परावर्तक पट्टी होती. बाकीच्या गाड्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरूनच ओळखू येत होत्या. गाडीवान दिवसभराच्या कष्टाने पेंगत असतो, मागून भरधाव मोटार येते, आणि दरवर्षी अशा रस्त्यांवर माणसे व बैल प्राणास मुकतात. प्रत्येक गाडीला परावर्तक लावून देणे हे काही फार खर्चाचे काम नाही, ते व्हायलाच हवे. आमच्याकडचा एक जादा लाल दिवा आम्ही रांगेतल्या शेवटच्या गाडीला बांधून दिला. रस्त्यावर पडलेल्या पाचटावरून चाक घसरते, म्हणून वळणावर अगदी सावकाश गेलो. रंगपंचमीच्या बगाडासाठी प्रसिद्ध असलेले बावधन मागे पडले आणि वाईचे दिवे दिसू लागले.

पुलावर थांबून भाच्याने बाटली उघडली. तीत केळघरच्या घाटात एका झऱ्यावर भरलेले थोडे पाणी होते. “हे वेण्णेचे,” असे म्हणून ते त्याने कृष्णेत सोडले.

दिवस पाचवा : सुरूरचे वड

निघण्याआधी सकाळी वाईवरून सुरूर फाट्याच्या बाजूला जाऊन आलो. रस्ता जवळजवळ सपाट, पाय दुखत असताना नेमका हवा तसा. या रस्त्याची शोभा म्हणजे दोन्ही कडांचे जुने वड. त्यांच्या पारंब्या रस्त्यावर कमानीसारख्या येतात आणि उन्हाळ्यातही खाली गारवा असतो. असे वड वाढायला माणसाच्या तीन-चार पिढ्या जातात. रुंदीकरणाचा विचार जेव्हा जेव्हा होतो तेव्हा रस्ता वडांच्या बाहेरून नेण्याची जागा शोधावी, असे मला कळकळीने वाटते, कारण तोडलेल्या वडाच्या जागी लावलेल्या रोपाची सावली आपल्यापैकी कोणालाच मिळणार नाही. एका बुंध्याला टेकून आम्ही उरलेल्या भाकरीचा तुकडा आणि गूळ खाल्ला.

परत आल्यावर काकूंनी हळदीचे ओले कंद कागदात बांधून दिले. वैराटगडाच्या पायथ्याचा रस्ता या वेळी राहून गेला. काका म्हणाले की, हळद काढणी फेब्रुवारीत आहे, तेव्हा या, शेतातून त्या बाजूला जायची वाट ते स्वतः दाखवतील. भाच्याने त्यांच्याकडून गावांची नावे विचारून वहीच्या पानावर क्रमाने लिहून घेतली आणि ते पान घडी करून पंक्चरच्या डबीत ठेवले.